राजाचं गाव कुठं होतं? विदर्भातली जुनी सत्ताकेंद्रं आणि सीमा कशा शोधतात



सहावीच्या वर्गात 'जनपदे आणि महाजनपदे' हा पाठ सुरू होता. फळ्याजवळ भारताचा नकाशा टांगला होता. सोळा महाजनपदं, सोळा रंग. मगध, कोसल, अवंती असं करत करत मी खाली आले आणि गोदावरीजवळच्या 'अश्मक'वर बोट ठेवलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, हा रंग इथं संपते. मंग आपलं कळमेश्वर कोणात येते?"

मी सांगितलं, "विदर्भात." तिचा दुसरा प्रश्न तयारच होता. "पण ही रेष काढली कोणी? तवा तर तारेचं कुंपण नव्हतं ना!"

खरं सांगते, त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन पुस्तकं काढली, वाचत बसले. आजचा हा पाठ म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. हजार-दोन हजार वर्षांपूर्वीची राजधानी नेमकी कुठं होती आणि राज्य कुठपर्यंत होतं, हे आज कसं ठरवतात? चला, आपल्याच भागातली उदाहरणं घेऊन पाहूया.

आधी शब्द समजून घेऊ

'जनपद' या शब्दात 'जन' आणि 'पद' असे दोन भाग आहेत. जन म्हणजे कुळांचा समूह, टोळी. पद म्हणजे पाऊल. एखाद्या समूहानं जिथं पाय रोवले ती जागा म्हणजे जनपद. म्हणजे नाव आधी माणसांचं होतं, नंतर ते जमिनीला चिकटलं. माणसं हलली की नावही हलायचं. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

अशी गोष्ट फक्त आपल्याकडेच घडली असं नाही. प्राचीन ब्रिटनमध्येही अनेक टोळ्या होत्या आणि डोंगरमाथ्यावर मातीचे तट घालून त्यांनी आपले गड उभारले होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमी नावाच्या भूगोलतज्ज्ञानं एक ग्रंथ लिहिला. त्यात ब्रिटनमधल्या टोळ्या आणि त्यांची ठाणी यांची यादी आहे. त्याच ग्रंथात आपलं पैठणही आहे, 'बैठन' या नावानं. पण गंमत अशी की त्याच्या आकड्यांवरून नकाशा काढला तर स्कॉटलंड पूर्वेकडे वळलेलं दिसतं आणि भारताचं दक्षिण टोक जवळजवळ सपाट होऊन जातं! म्हणजे यादी खरी, पण जागा चुकलेल्या. म्हणून संशोधक कधीच एका पुराव्यावर थांबत नाहीत. चार प्रकारचे पुरावे समोर ठेवून ते एकमेकांशी ताडून पाहतात.

पुरावा पहिला : जमिनीवरचे दगड

कळमेश्वरहून काटोल रोडनं नागपूरला जाताना वाटेत जुनापाणी लागतं. तिथं मोठमोठ्या दगडांची गोल कडी दिसतात. त्यांना शिळावर्तुळं म्हणतात. जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळं नोंदलेली आहेत. जवळच्या माहुरझरीलाही ती मोठ्या संख्येनं आहेत. ही वर्तुळं म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या लोहयुगीन लोकांची दफनस्थानं आणि स्मारकं.

एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं जुनापाणीची काही वर्तुळं उकरली. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीनं कोरलेले त्याला दिसले. तसेच खळगे ब्रिटनमधल्या जुन्या दगडांवरही असल्याचं त्यानं वाचलेलं होतं. त्यानं दोन्हींची तुलना केली आणि हे साम्य त्याला फार महत्त्वाचं वाटलं. आज आपण इतकंच म्हणू शकतो की दोन वेगळ्या ठिकाणच्या माणसांना दगडावर खळगे कोरावेसे वाटले. सारखं दिसतं म्हणून एकाच कुळाचं, असा अर्थ लगेच काढायचा नसतो.

पुढे १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी जुनापाणीला शास्त्रीय उत्खनन केलं. शं. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी इथं काम केलं. माहुरझरीला घोड्यांचे अवशेष आणि त्यांच्या साजाचे तांब्याचे भाग मिळाले. तिथं रंगीत दगडांचे मणी घडवले जात होते, हेही कळलं. पारशिवनीकडच्या नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली.

यावरून राजधानी कळते का? नाही. वर्तुळ म्हणजे किल्ला नव्हे. पण दोन गोष्टी कळतात. एक, या भागात लोखंड आणि घोडे बाळगणारे सधन लोक होते. दोन, मेलेल्या माणसाची एवढी मोठी खूण जे लोक उभारतात, ते त्या जमिनीशी आपलं नातं सांगत असतात. दगड न बोलता सांगतो, "आमचे वाडवडील इथं आहेत."

पुरावा दुसरा : तट आणि खंदक

आता किल्ल्याकडे येऊ. नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यात आदम नावाचं छोटं गाव आहे. तिथं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं अमरेंद्र नाथ यांच्या देखरेखीखाली उत्खनन केलं. मातीचा तट आणि भोवती खंदक असलेली प्राचीन वस्ती उजेडात आली. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीलाही असाच मोठा तट आहे. पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले.

तट असणं म्हणजे काय? एवढी माती उचलायला शेकडो माणसं लागतात. त्यांना कामाला लावणारी, खाऊ घालणारी कोणीतरी सत्ता लागते. म्हणून तट दिसला की संशोधक म्हणतो, इथं सत्तेचं केंद्र असावं.

पण इथंही सावध राहावं लागतं. रामटेकजवळचं नगरधन घ्या. आज तिथं जो दगडी किल्ला उभा दिसतो, तो फार पुढच्या काळातला आहे. कोणी तो पाहून म्हणेल, "हाच वाकाटकांचा किल्ला!" तर ते चूक ठरेल. वाकाटकांच्या खुणा जमिनीखाली होत्या. डोळ्याला दिसणारा किल्ला एका काळाचा आणि पोटातलं गाव दुसऱ्या काळाचं, असं नेहमी घडतं.

तट पाहून रचलेली कथाही चुकू शकते. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९३४ ते १९३७ या काळात इंग्लंडमधल्या मेडन कॅसल या टेकडीवरच्या किल्ल्याचं उत्खनन केलं. दाराजवळ सांगाडे मिळाले. रोमन फौजेनं हल्ला करून टोळीतल्या लोकांची कत्तल केली, अशी कहाणी त्यांनी मांडली. पुढच्या संशोधकांनी तीच हाडं पुन्हा तपासली. माणसं नीट विधिवत पुरलेली होती आणि सगळी एकाच दिवशी मेलेली नव्हती, असं त्यांना दिसलं. हेच व्हीलर १९४४ ते १९४८ पर्यंत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते आणि जुनापाणीचे थापर हे त्यांच्याच तालमीत तयार झालेले. उत्खननाची शिस्त त्यांनी दिली, पण कहाणी मात्र बदलावी लागली. मोठ्या माणसाचं म्हणणंही पुराव्यावर तपासायचं, हा यातला धडा.

पुरावा तिसरा : लेख आणि मुद्रा

मातीतून अक्षरं मिळाली की संशोधकाला सोनं मिळाल्यासारखं होतं. २०१५ ते २०१८ या काळात नगरधनला डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागानं उत्खनन केलं. तिथं प्रभावतीगुप्ता या वाकाटक राणीची मातीची मुद्रा मिळाली. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. नवरा लवकर गेला, मुलं लहान, म्हणून तिनंच राज्यकारभार पाहिला. तिच्या ताम्रपटात 'नंदिवर्धन' या राजधानीचं नाव आहे. वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी फार पूर्वीच नंदिवर्धन म्हणजे नगरधन असं सांगितलं होतं. आधी नावाच्या साम्यावरून बांधलेला अंदाज, नंतर जमिनीतून मिळालेला दुजोरा. पुरावे असे हातात हात घालून येतात.

सगळीकडे मात्र इतकं सरळ नसतं. वाकाटकांची दुसरी राजधानी 'प्रवरपूर'. मिराशींनी ती वर्धा जिल्ह्यातलं पवनार म्हणून ओळखली. पुढे रामटेक तालुक्यातल्या मनसरला उत्खनन झालं आणि 'प्रवरेश्वर' हे नाव असलेल्या मुद्रा मिळाल्या. मग काही संशोधक म्हणू लागले, प्रवरपूर म्हणजे मनसर. पवनार की मनसर, हा वाद रंगला. एका शब्दानं राजधानी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेली!

आता आपल्या वर्गातल्या प्रश्नाकडे, म्हणजे अश्मकाकडे येऊ. आदमला मातीची एक मुद्रा मिळाली, तिच्यावर लिहिलं होतं 'असकजनपदस', म्हणजे 'अश्मक जनपदाची'. आता बघा पेच कसा आहे. अश्मकाची राजधानी तेलंगणातल्या बोधनजवळ, गोदावरीकाठी मानली जाते. नाशिकच्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या लेखात सातवाहन राजाच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी आहे. त्यात 'असक' वेगळं आणि 'विदभ' म्हणजे विदर्भ वेगळं. मग अश्मकाची मुद्रा कुही तालुक्यात कशी?

उत्तरं दोन होऊ शकतात. अश्मक जनपद कधीतरी इथपर्यंत पसरलेलं असेल. किंवा मुद्रा मालाबरोबर, निरोपाबरोबर इथं आली असेल. तुमच्या घरी चेन्नईचा शिक्का असलेलं खोकं आलं म्हणून कळमेश्वर तामिळनाडूत जात नाही! म्हणून पुरावे दोन गटांत वाटायचे. तट, खंदक, शिळावर्तुळ हे स्थिर पुरावे. मुद्रा, नाणं, ताम्रपट हे हलते पुरावे. हलता पुरावा एकटा असेल तर त्यावर सीमा आखू नये. एकाच प्रकारच्या अनेक वस्तू एकाच टापूत मिळाल्या तर गोष्ट वेगळी.

नदीच्या नावाचाही असाच पेच आहे. ओडिशातल्या हाथीगुंफा लेखात खारवेल राजा सांगतो की त्याची सेना 'कण्हबेंणा' नदीपर्यंत गेली आणि तिनं एका नगराला धाक बसवला. काही विद्वान म्हणतात ही कृष्णा नदी. काही म्हणतात ही आपली कन्हान-वैनगंगा, आणि ते नगर म्हणजे आदम. नदीचं एक नाव कसं वाचायचं, यावर सैन्याचा अख्खा रस्ता शेकडो किलोमीटरनं बदलतो.

पुरावा चौथा : गावांची नावं आणि चतुःसीमा

घरी शेताचं खरेदीखत असेल तर बाबांना दाखवायला सांगा. त्यात लिहिलेलं असतं, पूर्वेस अमक्याचं वावर, पश्चिमेस नाला, उत्तरेस पांदण, दक्षिणेस तमक्याचं वावर. याला चतुःसीमा म्हणतात. ही पद्धत आजची नाही. प्रभावतीगुप्तेनं दिलेल्या एका ताम्रपटात 'दंगुण' नावाचं गाव दान दिलंय आणि त्याच्या चारी बाजूंच्या गावांची नावं दिली आहेत. विलवणकाच्या पूर्वेला, शीर्षग्रामाच्या दक्षिणेला, कडापिंजनाच्या पश्चिमेला, सिदिविवरकाच्या उत्तरेला.

हा ताम्रपट पुण्यात एका घराण्याकडे होता. म्हणजे पुन्हा हलता पुरावा! पण त्यातली गावं हलत नाहीत. मिराशींनी नकाशावर शोध घेतला. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या पश्चिमेला वणी नावाचं गाव (यवतमाळ जिल्ह्यातलं नव्हे बरं का) आणि पूर्वेला कढाजन. विलवणक म्हणजे वणी, कडापिंजन म्हणजे कढाजन, म्हणून मधलं दंगुण म्हणजे हिंगणघाट, असं त्यांनी मांडलं. दीड हजार वर्षांत नावं झिजली, पण पुरती पुसली गेली नाहीत. एकच नाव जुळलं असतं तर योगायोग म्हणता आलं असतं. दोन नावं आणि त्यांच्या दिशाही जुळल्या, म्हणून ही ओळख भक्कम वाटते.

मग सीमा कुठं होती?

आता त्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ही रेष काढली कोणी? नकाशाच्या पुस्तकानं काढली. त्या काळच्या लोकांनी अशी सलग रेष बहुतेक कधी काढलीच नाही.

गावाची चतुःसीमा ठरलेली असे, कारण धान्याचा वाटा कोणी द्यायचा ते त्यावर ठरे. पण राज्याचं तसं नव्हतं. राज्य म्हणजे कंदिलासारखं. कंदिलाजवळ उजेड लख्ख, दूर जावं तसा मंद, आणि मग कुठंतरी दुसऱ्या कंदिलाचा उजेड सुरू. मधल्या जंगलात कोणाचा उजेड, हे तिथल्या माणसालाही नीट सांगता आलं नसतं.

फार पुढे गोंड राजांच्या काळातही असंच दिसतं. गढा-मंडल्याच्या संग्रामशहाची ओळख ५२ गढांचा राजा अशी आहे. गढ मोजले, रेष मोजली नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद यानं १७०२ मध्ये नागपूर वसवलं. कळमेश्वरच्या मध्यभागी उंचवट्यावरची जुनी गढीही त्याच्याच काळात बांधली गेल्याचं सांगतात. देवगडचा किल्ला आज मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात आहे. म्हणजे तेव्हाचं एक राज्य आजच्या दोन राज्यांत वाटलं गेलं.

एक सीमा मात्र टिकाऊ निघाली, ती नदीची. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात विदर्भाचे दोन भाग करून दोन भावांना दिले जातात आणि मध्ये सीमा ठरते वरदा नदी, म्हणजे आपली वर्धा. पुढे वऱ्हाड आणि नागपूर प्रांत यांच्यामध्ये हीच नदी होती. आजही अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांच्या मधून हीच वाहते. पण विदर्भाची जुनी राजधानी म्हणून सांगितलं जाणारं कौंडिण्यपूर याच नदीच्या काठावर आहे! म्हणजे जी नदी एका काळी सीमा, तीच दुसऱ्या काळी राज्याचं काळीज. नदी तोडते आणि जोडतेसुद्धा.

म्हणून 'कळमेश्वर कोणात येते?' याचं खरं उत्तर असं : कोणत्या काळी, ते आधी सांग. त्या काळचं सर्वांत जवळचं केंद्र शोध. मग त्याचा उजेड आपल्यापर्यंत येत होता का, ते पुराव्यानं ठरव. वाकाटकांच्या काळी जवळचं केंद्र नगरधन. गोंडांच्या काळी देवगड, मग नागपूर. आणि शिळावर्तुळांच्या काळी? ते उत्तर अजून जुनापाणी-माहुरझरीच्या मातीत आहे.

आपण काय गमावतोय?

हा पाठ शिकवताना एका मुलानं सहज सांगितलं, "मॅडम, आमच्या वावराकडे असे गोटे होते. ट्रॅक्टरला आडवे येत होते म्हणून धुऱ्यावर लोटून दिले." त्याच्या घरच्यांचा दोष नाही. पोट शेतीवर आहे आणि त्या गोट्यांचं महत्त्व त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. नागपूर वाढतंय, रस्ते रुंद होताहेत, लेआउट पडताहेत.

पण विचार करा. मुद्रा कपाटात ठेवली तरी तिच्यावरची अक्षरं वाचता येतात. दगडाचं तसं नाही. वर्तुळातला दगड जागेवरून हलला की तो फक्त गोटा उरतो. त्याचा सगळा अर्थ त्याच्या जागेत असतो. जो पुरावा दोन-अडीच हजार वर्षं स्थिर होता, तो एका सकाळी हलता होऊन जातो.

उपक्रम : हे तुम्ही करू शकता

१. आजी-आजोबांना विचारून गावातल्या वावरांची, टेकड्यांची, नाल्यांची जुनी नावं वहीत लिहा. नावात 'गढी', 'कोट', 'किल्ला' असे शब्द येतात का, ते पाहा.

२. घरच्या मोठ्यांच्या मदतीनं एखाद्या खरेदीखतातली चतुःसीमा वाचा आणि तिच्यावरून नकाशा काढा.

३. गोल मांडलेले दगड दिसले तर हात लावू नका, खोदू नका. फोटो काढा, गावाचं नाव आणि जागेची खूण लिहा आणि शाळेत सांगा. जुनापाणीसारखी काही ठिकाणं कायद्यानं संरक्षित आहेत. तिथला दगड हलवणं गुन्हा आहे.

४. विचार करा : अश्मकाची मुद्रा आदमला कशी आली असेल? दोन्ही शक्यतांसाठी एकेक मुद्दा लिहा.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीनं वहीत विदर्भाचा नकाशा काढून आणला. नगरधन, पवनी, आदम, कौंडिण्यपूर इथं तिनं गडद रंग दिला होता आणि बाहेरच्या बाजूला तो बोटानं पुसट केला होता. रेष कुठंच नव्हती. मी वहीवर 'छान' लिहिलं आणि तिला विचारलं, "जुनापाणी कुठं आहे यात?" तिनं पेन्सिलनं एक छोटं गोल काढलं.